सासूबाईंना हवी ती सून

५ जाने., रवि.

तालमीहून आत्ता आले. घसा बसलाय. दुसऱ्या अंकात नायक तीन वेळा अडला आणि तिन्ही वेळा माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याचं वाक्य पदरात लपवून ठेवलंय. तिसरीत माझ्याकडे होता तेव्हा पाढे म्हणतानाही हेच करायचा. आता बँकेत आहे, एकतीस वर्षांचा आहे. सोळाचा पाढा अजून येत नसणार.

पडद्याआड पुस्तक धरून बसायला लागून बावीस वर्षं झाली. पुढे यायचं नाही असं मला कुणी कधी म्हटलं नाही. विधवा बाई म्हणून कुणी बोलावलंही नाही. वाचायला मात्र चालते. आवाज हवा, बाई नको. असो.

सासूबाई आज बऱ्या. वाटीभर पेज घेतली. "पाणी हाड गो" म्हणाल्या, मी आणून दिलं. दिवसभरात आमचं बोलणं एवढंच. लग्नात माझं शालनचं सुनंदा त्यांनीच केलं, हौसेनं. हे गेले त्या दिवसापासून चौतीस वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून आलेलं नाही. समोर असले की "गो", मागे "ती". पाव्हण्यांना सांगताना "ती पांढऱ्या पायाची". वय अठ्ठ्याऐंशी, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण हे पाठ आहे.

७ जाने., मंगळ.

सुहासनं घोळ घातला. सुहास म्हणजे माझा चुलतदीर, नाटकाचा दिग्दर्शक. जत्रा पौर्णिमेची. मोबाइलात पौर्णिमा सोमवारी दिसली, म्हणून त्यानं म्हापशाच्या नटीला सोमवारची तारीख दिली. देवळात पौर्णिमा धरतात ती चांदण्यावर, म्हणजे रविवारी रात्री. लहान पोराला ठाऊक आहे हे. भटजींच्या घरी जाऊन एक शब्द विचारायचा, तर तेवढे कष्ट कोण घेणार!

रविवारी त्या नटीचं दुसऱ्या गावात नाटक. बाकीच्याही सगळ्या गुंतलेल्या, कारण त्या रात्री अर्ध्या गोव्यात जत्रा. सगळा संच तयार आणि नायिकाच नाही. सुहास डोक्याला हात लावून बसलाय. गावातल्या पोरी जत्रेला जीन्स घालून फिरतील, स्टेजवर कुणी येणार नाही. सासरी काय म्हणतील!

८ जाने., बुध.

सुहास सकाळीच दारात. चहा घेतला, उंडो पाव बुडवून खाल्ला, इकडचं तिकडचं बोलला. मग एकदम म्हणाला, "वयनी, तुमका सगळा पाठ आसा."

मी म्हटलं, मग?

"मग तुमीच करा मां."

मला हसूच आलं. नायिका वीस वर्षांची नववधू. मी एकसष्टची, निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांची बोंब. म्हणाला, डिचोलीचे मेकपवाले मामा येतात, ते म्हाताऱ्याचा तरणा करतात, तरण्याचा म्हातारा करतात, तुम्ही फक्त हो म्हणा. मी म्हटलं, आणि कुंकू? मंगळसूत्र? त्यानं उरलेला चहा संपवला. मग कपाकडे बघत म्हणाला, "नाटकातला खोटा असता, वयनी."

विचार करते म्हणून सांगितलं. विचार कसला करतेय, ते इथं लिहून ठेवते, इतर कुणाला सांगण्यासारखं नाही.

हे खाणीवर टिप्पर चालवायचे, मुळगावकडे. जत्रेच्या नाटकात काम करायचे, भारी शौक. त्या दिवशी तालमीसाठी रजा काढून घरी होते. मनू दोन वर्षांची, तापानं फणफणलेली, आणि हे आरशासमोर उभे राहून वाक्यं म्हणतायत. मी म्हटलं, "तोंडाला रंग फासून पोट भरत नाही." सासूबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी ऐकलं. मी आत मनूपाशी होते, तासाभरानं हे कपडे बदलून खाणीवर गेले. दुपारी उतारावर टिप्पर उलटला.

माझ्या बोलण्यामुळे गेले. असं सासूबाई म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून, सगळ्यांसमोर. मी कधी उलट बोलले नाही, कारण मलाही तसंच वाटायचं. अजूनही वाटतं. आणि तोच रंग आता माझ्या तोंडाला.

९ जाने., गुरु.

मनूचा फोन, नार्व्याहून, तिच्या सासरच्या गावाहून. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, नको म्हणेल. "आई, कर. बाबांचं राहिलेलं काम तूच पुरं कर," म्हणाली. आपली मुलगी कधी एवढी शहाणी झाली, कळलंच नाही. तिचं ऐकून मला रडू आलं, पण फोनवर खोकल्यासारखं केलं.

सुहासला हो कळवलं.

११ जाने., शनि.

आज रंगीत तालीम. दुपारी शाळेच्या वर्गात मामांनी मला आरशासमोर लाकडी कदेरीवर बसवलं. सत्तरीचे असतील, हात मात्र हलत नाहीत. कानशिलांजवळची कातडी वर ओढून जाळीदार पट्ट्या डिंकानं चिकटवल्या. त्यावर केसांचा टोप. गळ्यावर, हातांवर रंग. भुवया. ओठ. हिरवी साडी, अबोलीचा वळेसर. शेवटी म्हणाले, "बाई, डोळे मिटा," आणि कपाळावर काहीतरी गार टेकवलं.

डोळे उघडले. आरशात ती होती.

मी घाबरलेच. सत्तावीस वर्षांची ती बाई मी त्या दिवसानंतर पाहिलेली नव्हती. हे गेले तेव्हा सगळं गाव ह्यांच्यासाठी रडलं, मीही ह्यांच्यासाठीच रडले. तीसुद्धा त्याच दिवशी गेली हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मामा म्हणाले, "रडूं नका, रंग व्हांवता." मग पदराच्या टोकानं डोळे अलगद टिपले.

तालीम साडेचारला सुटली. सासूबाईंपाशी लक्ष्मी असते, बेळगावकडची, चांगली आहे, पण पाचला तिला दुसऱ्या घरी जावं लागतं. रंग उतरवायला तासभर लागेल, म्हणून तशीच घरी निघाले, डोक्यावरून शाल घेऊन.

सासूबाई जनेलाशी बाहेर बघत बसल्या होत्या. शाल काढली. त्यांनी बघितलं. तोंडभर हसल्या. ह्या बाईला दात नाहीत हेही मी विसरले होते, कारण हसलेल्या पाहून जमाना झाला.

"सुनंदा! इलंस काय गो? बस. उभी कित्याक रवलंस?"

त्यांच्या पायांशी बसले. त्यांनी माझा हात धरला, बांगड्या फिरवून फिरवून पाहिल्या. "बरी दिसता गो साडी तुका. माझो मोहन नशिबाचो."

लक्ष्मी दारात उभी, तोंडावर हात. मी खूण केली, बोलू नकोस.

पुढचं लिहवत नाही आज.

१३ जाने., सोम.

काल नाटक झालं. चांगलं झालं म्हणतात. सुहास स्टेजवर येऊन रडला, नाटकी मेला. नायकाला मी दोन ठिकाणी पदराआडून वाक्यं सांगितली, नववधू लाजतेय असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या. लागू देत.

सकाळी रंग धुतला. सासूबाईंना चहा नेला तर माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. विचारलं, "ती खंय गेली?"

कोण, आई?

"आमची सून."

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. वाड्यावर हळदीकुंकू. मी जात नाही, कुणी बोलावत नाही, म्हणजे कुणाचाच अपमान होत नाही. शेजारीण तिळाच्या वड्या देऊन गेली, उंबऱ्याबाहेरूनच. जाताना म्हणाली, "बाई, त्या रात्री तुम्ही अगदी लक्ष्मी दिसलात." मग जीभ चावली.

सासूबाई जेवल्या नाहीत. लक्ष्मी म्हणाली, "बाई, अज्जी तुम्हालाच बोलवायलेत, पण तुम्ही समोर गेलात की नको म्हणायलेत बघा." कन्नड माणूस मराठी बोलताना बरोबर मर्मावर बोट ठेवतं.

१६ जाने., गुरु.

दोन दिवस अन्नाला तोंड नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे, काय मागतील ते द्या.

काय मागतायत ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

१७ जाने., शुक्र.

मामांना फोन केला. टोप, पट्ट्या, डिंक सगळं अजून सुहासकडेच होतं. "शिमग्यापर्यंत ठेवा, माका घाई ना," म्हणाले. कशाला ते विचारलं नाही. भला माणूस.

सं. साडेपाच. उजेड कमी असतो तेव्हाच बरं. पट्ट्या मलाच चिकटवाव्या लागल्या, डावी बाजू वर, उजवी खाली, पण टोपाखाली झाकलं. काजळ, ओठ, मनूच्या राहिलेल्या टिकल्यांपैकी एक. बांगड्या नाटकातल्या. स्वतःच्या खोलीत चोरासारखं हे करताना लाज वाटली. कुणाची लाज, ते कळत नाही.

त्यांच्यासमोर गेले. हसल्या. दुधात कुस्करलेली दीड भाकरी खाल्ली माझ्या हातून. मलाही भरवलं, एक घास. "तू काय खायना, सुकत चल्लंस." माझ्या आईनंसुद्धा मला शेवटचं भरवलं ते लग्नाआधी.

मी आधाशासारखी आहे, हे कबूल करते. त्या मोहनच्या बायकोशी बोलत होत्या आणि मी सगळं माझ्या पदरात ओतून घेत होते.

२० जाने., सोम.

रोज सं. चालू आहे. लक्ष्मी आता थांबते थोडी, टोप ओढून नीट करते. आज म्हणाली, "बाई, मी पण विधवाच की. मी लावते टिकली. कामाला जाताना लोकं बघतात नाहीतर." तिचा नवरा बांधकामावर पडला. मला वर्षभर माहीत नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. स्वतःच्या दुःखात गुरफटलेली माणसं किती आंधळी असतात.

सासूबाईंनी आज विचारलं, "ती म्हातारी कोण गो घरात फिरता?"

कुठली?

"जेवण वाडता ती. वाईट नाय. पण तिका बघलंय की माका भंय दिसता."

का म्हणून विचारलं.

"तशीच ती. काय बोलणा नाय. नुसती बघता."

रंग असला तरी माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "तू भिव नको." माझ्यापासूनच मला धीर देत होत्या. काय म्हणावं ह्याला! मग आत जाऊन रडले, आणि पुन्हा काजळ घालून बाहेर आले.

२१ जाने., मंगळ.

मला एकच हवंय. त्यांनी मला, ह्या पांढऱ्या केसांच्या मला, एकदा नावानं हाक मारावी. म्हणावं की झालं ते झालं, तुझी चूक नव्हती. फार मागणं नाही. पण त्यांच्याकडे वेळ थोडा उरलाय, आणि तो सगळा वेळ ती दुसरी घेतेय.

तिच्यावर जळतेय मी. एकसष्टाव्या वर्षी सवत, आणि तीही कोण!

२३ जाने., गुरु.

जसं घडलं तसं लिहिते.

सं. नेहमीप्रमाणे तयार होऊन गेले. सासूबाई अस्वस्थ. पदराचं टोक पिळत होत्या. मला बघितल्यावर मनगट गच्च धरलं.

"मोहन खंय?"

आतच आहेत म्हटलं. रोज तेच म्हणते.

"नाय गो. गेलो तो. मीच धाडलंय त्याका."

कुठे?

"खाणीर. तो जायत नव्हतो. म्हणत होतो, आज तालीम आसा, रजा घेतलंय. तुमचा झगडा झाला तरी तो हसतच होतो, म्हणालो, पोर तापलाहा म्हणून चिडली ती. मीच म्हटलंय, मुकादमाचो निरोप इलोहा, दोन ट्रिपा मारून ये, नायतर गाडी दुसऱ्याक देतले. दोनदां म्हणालो, आये, आज नको. मी आयकलंय नाय." मग कानाशी आल्या. "माझो जीव कसोसोच जाता. तू जा बेगीन. आडव त्याका. तुझा आयकता तो."

हसतच होते.

माझ्या बोलण्यावर हे हसत होते. चिडून गेले नाहीत. गेलेच नसते.

चौतीस वर्षं. ह्या बाईनं चौतीस वर्षं गावभर, देवळात, विहिरीवर, माझ्या मुलीच्या लग्नात, माझ्या बापाच्या तेराव्याला माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घालून उभी राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मनगट सोडवून घेतलं. मागल्या दारी जाऊन बसले. आतून हाका चालूच होत्या, "सुनंदा, आडव गो त्याका." अंधार पडेपर्यंत उठले नाही. टोप कधी काढला आठवत नाही, तुळशीच्या कठड्यावर होता.

२४ जाने., शुक्र.

जेवण आपटून वाढलं. जेवल्या नाहीत. न जेवोत.

सं. तयार झाले नाही. लक्ष्मीनं टोप विंचरून ठेवला होता. तिला म्हटलं, ठेव उचलून. तिनं तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

दिवसभर एकच मनात. हे हसत होते. ह्यांचं हसणं कसं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही. चौतीस वर्षं मी ह्यांचा रागावलेला चेहरा आठवत आले, आणि तो चेहरा कधी नव्हताच. माझ्याकडून तेवढं हसूसुद्धा काढून घेतलं गेलं. ह्याचं काय करायचं, कुणाकडे मागायचं?

२६ जाने., रवि.

मनू आली. तिला सांगितल्यावर ती पांढरीफटक पडली, मग लाल. "विचार तिला! आत्ताच्या आत्ता विचार!" म्हणून ओरडली. आजीच्या खोलीत निघालीच होती, मी दार अडवलं.

"तू तिलाच सांभाळतेस अजून?"

म्हटलं, मनू, कुणाला विचारू? जिनं केलं ती त्या खोलीत नाही गं. आत जी बसलीय, तिचा मुलगा अजून मेलेला नाही. सकाळी पाठवलाय, आणि जीव धाकधुकतोय तिचा. तिला काय विचारणार?

मनू पायरीवर बसून खूप रडली. बापासाठी रडली असेल, तिला बाप आठवतही नाही. मग म्हणाली, "आणि तू? तुला कोण विचारणार?" मी भाजी निवडायला घेतली. तिनंही फार ताणलं नाही.

जाताना माझ्या केसांना काळा रंग लावून गेली. टोपापेक्षा बरं, म्हणाली. रागातच लावला, कानाला पण.

२८ जाने., मंगळ.

चार दिवस सासूबाईंचा एकच धोशा. "गेलो काय? आडवलंस काय?" ह्या म्हातारीला (मला) बघितलं की गप्प. अंगात ताप. लक्ष्मी म्हणाली, "बाई, राग असू दे की मनात. जेवू तर घाला." तिच्यावरही चिडले. मग सं. आरशासमोर बसले.

गेले. म्हटलं, "आई, अडवलं त्यांना."

"खरांच?"

खरंच. नाक्यापर्यंत पळत गेले. गाडी चालू केली होती. मी पुढ्यातच उभी राहिले. म्हटलं, आईंनी सांगितलंय, जायचं नाही.

"मग? काय म्हणालो?"

हसले, म्हटलं.

"हसतलोच तो." सासूबाईंनी एवढा मोठा श्वास सोडला, की मला वाटलं आता संपलं. पण नाही. उशीवर डोकं टेकलं. "खंय आसा आता?"

खोलीत आहेत. वाक्यं पाठ करतायत.

"करूंदे," म्हणाल्या, आणि झोपल्या. ताप रात्री उतरला.

मी तिथंच बसून राहिले. त्या खोलीत खरंच कुणीतरी आहे असं मलाही घटकाभर वाटलं. मी त्यांना अडवलं. धावत गेले आणि अडवलं. सांगताना मला नाक्यावरचा फुफाटा दिसला, गाडीचं बॉनेट हाताला गरम लागलं. एवढं सोपं होतं. पण त्या दिवशी मला कुणी सांगितलंच नाही, जा, अडव.

१ फेब्रु., शनि.

रोज अडवतेय. त्या रोज विसरतात, रोज नव्यानं पाठवतात, आणि रोज सं. मी नाक्यावर जाऊन ह्यांना परत आणते. एकदा जेवायला बसवलं, एकदा मनूच्या अंगावर हात ठेवून बसवलं. काल सासूबाई म्हणाल्या, "तू आसंस म्हणून माझो झील, माझो मोहन वाचलो."

हे मला ऐकायचं होतं का? हेच तर ऐकायचं होतं, नेमकं उलट्या बाजूनं. त्यांचे पाय चेपत बसले.

३ फेब्रु., सोम.

कानशिलं सुजली. डिंकानं की केसांच्या रंगानं, देव जाणे. डोळे बारीक झालेत, पुरळ मानेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, काहीही लावायचं नाही, साबणसुद्धा नाही. वर हसून, "बाई, ह्या वयात कशाला हे सोस?" मी काय सांगणार. हो म्हटलं.

आरशात पाहिलं. एवढी म्हातारी मी आधी नव्हते. उसनं आणलेलं तारुण्य व्याजासकट परत गेलं.

५ फेब्रु., बुध.

काल गेलेच नाही त्यांच्यासमोर, लक्ष्मीनंच केलं सगळं. आज तिला बरं नाही, आली नाही. मलाच जावं लागलं. सं. सहा. काही लावलेलं नाही. सुजलेला चेहरा, साधी साडी, हात मोकळे.

वाटलं, घाबरतील. म्हणून दिवा न लावता शेजारी बसले. पेजेची वाटी हातात.

बऱ्याच वेळानं त्यांचा हात आला. चाचपडत, दंडावर, खांद्यावर, गालावर. सुजलेल्या कानशिलाला लागला तेव्हा मी कळवळले, तशी त्यांनी फुंकर घातली. मग कपाळावर बोटं फिरवली. इकडून तिकडे, परत. थांबली.

"कपाळ कोणी पुसल्यान गो तुझा?"

मी त्या हाताकडे बघत राहिले. अंगठ्याशेजारचं बोट जरा वाकडं आहे. हे गेले तेव्हा न्हाणीघरात चार बायकांनी मला धरलं होतं, आणि ह्याच हातानं, ओल्या फडक्यानं, पुन्हा पुन्हा घासून. कुंकू निघून गेलं तरी घासत होत्या. कातडी सोलवटली होती. पुढं महिनाभर खपली होती तिथं.

तुम्हीच, असं तोंडाशी आलं. चौतीस वर्षं वाट पाहिली ह्या प्रश्नाची, आणि उत्तर केवढंसं. पण त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले. कुणीतरी माझ्यावर अन्याय केलाय म्हणून त्या चिडल्या होत्या. माझ्या बाजूनं.

कोणाशी बोलत होत्या? दिवा नव्हता, पण एवढाही अंधार नव्हता. हा चेहरा त्यांना दिसत होता. म्हातारीचा.

म्हटलं, घामानं गेलं असेल, आई.

"कुंकवाची डबी हाड. मी लावतंय."

उठले. आम्हा दोघी विधवांच्या घरात कुंकू आहे ते फक्त देवापुढे. देवखोलीत आले, डबी घेतली. पितळेची आहे, झाकण घट्ट बसलंय. इथंच पाटावर बसून हे लिहितेय, पाऊण तास होत आला. लावून घेतलं तर कुणाच्या कपाळाला लागेल ते, तिच्या की माझ्या? आणि नाही नेली, तर पुन्हा विचारतील, असं थोडंच आहे.

आतून हाक येतेय. "मेळली काय गो?"

मेळलीय, आई. हातातच आहे.